धम्मविजयी अशोक आणि आपले सणवार



ज्या घराने नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्या घरात पहिला दसरा आला की एक पेच पडतो. देव्हारा रिकामा झालेला असतो. शेजारीपाजारी दारांना झेंडूची तोरणे लागतात, मुले आपट्याची पाने घेऊन घरोघर फिरतात. तुमचे लेकरू उंबऱ्यात उभे राहून विचारते, आपल्याकडे आज काय आहे? आजी हळूच म्हणते, वर्षाचा सण आहे, निदान दोन फुले तरी वाहा. कॉलेजात जाणारा नातू म्हणतो, सोडले ते सोडले, आता काही करायचे नाही. दोघेही आपापल्या परीने मनापासून बोलत असतात. घर मात्र त्या दिवशी मुके होऊन बसते.

हा पेच तुमच्या एकट्याच्या घरचा नाही. बावीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका माणसापुढे तो उभा राहिला होता. त्याच्या घरी तर स्वयंपाकघरापासून शिकारखान्यापर्यंत सगळ्या जुन्या चाली होत्या, आणि त्याचे घर म्हणजे साऱ्या भारताचा राजवाडा होता. त्याचे नाव सम्राट अशोक. त्याचे चरित्र आज तुम्हाला सांगायचे आहे ते त्याची थोरवी गाण्यासाठी नव्हे. त्याने जुन्या सणांचे, यात्रांचे आणि विधींचे काय केले, हे पाहिले म्हणजे आपण आपल्या घरी काय करावे याचा उलगडा होतो, म्हणून सांगायचे आहे.

प्रथम घरातले एक नाणे हातात घ्या. त्यावरचे सिंह अशोकाच्या स्तंभावरचे आहेत. तो सिंहशीर्ष सारनाथच्या उत्खननात 1905 साली सापडला आणि 26 जानेवारी 1950 रोजी भारताचे राजचिन्ह झाला. राष्ट्रध्वजावरील चक्रही तेथलेच. घटना समितीने तो ध्वज 22 जुलै 1947 रोजी स्वीकारला आणि त्याचा विचार करणाऱ्या समितीत परमपूज्य बाबासाहेब होते. म्हणजे अशोक रोज तुमच्या खिशात असतो. पण त्याला ओळखणारे किती?

एके काळी कोणीच त्याला ओळखत नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा एक स्तंभ टोपरा गावाहून दिल्लीला आणविला. त्यावरची अक्षरे वाचण्यासाठी पंडित बोलावले, पण एकालाही ती वाचता आली नाहीत. लोक अशा स्तंभांना भीमसेनाची काठी म्हणत. धम्माचा लेख डोळ्यांसमोर उभा होता, पण वाचणारा नव्हता, म्हणून त्याच्यावर महाभारताची गोष्ट येऊन बसली. पुढे 1837 साली जेम्स प्रिन्सेप याने ती ब्राह्मी लिपी उलगडली. लेखांतून बोलणारा राजा स्वतःला देवांना प्रिय असा पियदसी म्हणवीत होता. तो अशोकच, हे सिंहलद्वीपाच्या पाली ग्रंथांवरून कळले. 1915 साली कर्नाटकात मस्की येथे अशोक हे नाव असलेला लेखही मिळाला. ज्यांना आपला इतिहास वाचता येत नाही, त्यांच्या स्तंभाला दुसऱ्यांची नावे पडतात, हे यावरून ध्यानात घ्या.

आता त्याचे चरित्र ऐका. चंद्रगुप्त मौर्याचा तो नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. तरुणपणी तो उज्जैनीला राजप्रतिनिधी होता. तिकडे जाताना वाटेत विदिशेला एका व्यापाऱ्याच्या कन्येशी त्याचा विवाह झाला, आणि महिंद व संघमित्रा ही तिची मुले, असे सिंहली ग्रंथ सांगतात. बिंदुसाराच्या मृत्यूनंतर राज्यासाठी झगडा झाला आणि ख्रिस्तपूर्व 269 च्या सुमारास अशोकाला अभिषेक झाला.

येथे जरा थांबा. अशोकाने नव्याण्णव भाऊ मारले, अशी कथा तुम्ही ऐकली असेल. ती ग्रंथांत आहे. पण अशोकाचा पाचवा शिलालेख पाहिला, तर अभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेले धम्ममहामात्र राजाच्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांकडेही लक्ष देत होते, असे त्यात लिहिले आहे. नव्याण्णव भाऊ मारले असते, तर भावांची घरे कोठून आली? धम्माच्या आधीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका पुढचा उजळ दिसेल, असे कथा रचणाऱ्यांना वाटले असावे. गोष्ट आपल्या ग्रंथात आहे म्हणून डोळे मिटून मानू नका. दगडावरच्या पुराव्याशी ताडून पाहा. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, ही तर तथागतांचीच शिकवण आहे.

अभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा अशोकाने कलिंग देश, म्हणजे आजचा ओडिशा, जिंकला. या युद्धाची हकीकत कोणा शत्रूने लिहिलेली नाही. ती त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात कोरविली आहे. दीड लाख माणसे धरून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. पुढे तो म्हणतो की, जे वाचले त्यांनाही आपल्या इष्टमित्रांच्या दुःखाने घाव बसलाच. एवढ्या मोठ्या विजयानंतर स्वतःचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवणारा राजा जगाच्या इतिहासात शोधून काढावा लागेल. येथून पुढे खरा विजय म्हणजे धम्माचा विजय, असे त्याने ठरविले.

आपण दसऱ्याला अशोक विजयादशमी म्हणतो. कलिंगाच्या युद्धानंतर या तिथीला अशोकाने धम्म स्वीकारला, अशी आपल्यात परंपरा आहे. त्याच्या लेखांत मात्र ही तिथी नाही. कोणी तुम्हाला तसे दाखवून दिले तर रागावू नका आणि खजीलही होऊ नका, कारण लेखांत जे आहे ते तिथीपेक्षा मोलाचे आहे. दसरा हा सीमोल्लंघनाचा आणि शस्त्रपूजेचा दिवस. पावसाळा संपला, वाटा मोकळ्या झाल्या की राजे याच दिवसांत स्वारीवर निघत. अशोकाने चौथ्या शिलालेखात सांगितले आहे की, आपल्या आचरणाने रणभेरीचा घोष आता धम्माचा घोष झाला आहे. विजय या शब्दातला अर्थच त्याने बदलून टाकला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला लाखो लोकांसह बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्या दिवसाचा अर्थ या प्रकाशात पाहा. शस्त्राच्या विजयाचा दिवस त्या दिवशी पुन्हा एकदा धम्माच्या विजयाचा दिवस झाला.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या नव्या उपासकांनी मनावर कोरून ठेवावी. आपल्या छोट्या शिलालेखात अशोक कबूल करतो की, उपासक होऊन अडीच वर्षांवर काळ लोटला, पण पहिले वर्षभर आपल्या हातून फारसा उद्योग झाला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर मग एक वर्षाहून अधिक काळ आपण नेटाने झटलो. तेव्हा तुमच्या घरी पहिल्या वर्षी सगळे जमले नाही, सुटीच्या दिवशी वंदना चुकली, जुनी सवय मध्येच डोके वर काढू लागली, तर स्वतःला दोष देत बसू नका. विहारात जा, उद्योगाला लागा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशोकाने जुन्या चालींचे काय केले?

त्या काळी समाज नावाचे उत्सव भरत. तेथे खाणेपिणे, खेळतमाशे चालत. पहिल्या शिलालेखात त्याने म्हटले आहे की, अशा समाजांत आपल्याला पुष्कळ दोष दिसतात, परंतु काही समाज आपल्याला चांगलेही वाटतात. त्याने सरसकट सर्व उत्सव बुडविले नाहीत, सरसकट पाठीशीही घातले नाहीत. तपासून निवड केली. त्याच लेखात त्याने प्राण्यांचे बळी देण्यास मनाई केली. राजाच्या स्वयंपाकघरात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, ते आता दोन मोर आणि एक हरिण एवढ्यावर आले, हरिणही रोज नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्याने लिहिले. पाहा, चक्रवर्ती राजालासुद्धा घरची सवय एका दिवसात मोडता आली नाही, आणि त्याने ते लपविले नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावोगाव दसऱ्याला देवीपुढे रेडा कापला जाई. त्या रेड्यापायी जी हलकी मानलेली कामे असत, ती गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांच्या वाट्याला येत आणि त्यालाच मान म्हणण्याची पद्धत होती. आजीला सण आठवतो तेव्हा तिला हा मानही आठवू द्या. तो सण कोणाचा होता आणि त्यातले कष्ट कोणाचे होते, हे तिच्याकडूनच नातवाला कळू द्या. हाही इतिहासच आहे, आणि तो फक्त आजीच सांगू शकते.

दुसरी गोष्ट यात्रेची. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला निघत. अशोक अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेची धम्मयात्रा झाली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, त्यांना दान, वृद्धांना मदत आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धम्माची विचारपूस हा कार्यक्रम असे. आठव्या शिलालेखात हे आहे. तिसरी गोष्ट मंगलविधींची. नवव्या शिलालेखात तो सांगतो की, आजारपणात, मुलामुलींच्या लग्नांत, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर पुष्कळ निरर्थक विधी करतात. विधी करावेत, पण अशा विधींचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान. येथे पुरुषांनी घरातल्या बाईकडे बोट दाखवू नये. लग्नात मोठेपणासाठी कर्ज काढणारा आणि मांडवात मानपानावरून रुसणारा बहुधा पुरुषच असतो.

हे दोन लेख, आठवा आणि नववा, महाराष्ट्राच्या स्वतःच्या मातीत मिळाले आहेत. आपल्या सोपाऱ्याला, त्या काळच्या मोठ्या बंदरात, अशोकाने शिलालेख कोरविले होते. त्यांतील आठव्याचा तुकडा 1882 साली हाती आला. नवव्याचा तुकडा जवळच भुईगावला मिळाला, तो 1956 साली. यात चमत्कार नाही, निव्वळ योगायोग आहे. पण ज्या वर्षी महाराष्ट्रातील लाखो माणसे जुने विधी टाकून नव्या वाटेला लागली, त्याच वर्षी खरे मंगल कोणते हे सांगणारा अशोकाचा दगड या मातीतून वर यावा, हे वाचून कोणाला बरे वाटणार नाही?

चौथी गोष्ट ऋतूंची आहे. सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अशोकाने वर्षातील ठराविक दिवसांना अभय दिले. तीन चातुर्मासी पौर्णिमा आणि तिष्य नक्षत्राची पौर्णिमा यांच्या आसपासचे तीन-तीन दिवस, तसेच प्रत्येक उपोसथाचा दिवस, मासे मारू वा विकू नयेत. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी मारू नये. ज्यात जीव आहेत तो भुसा जाळू नये, उगाच रान पेटवू नये. त्या काळी चार-चार महिन्यांचे तीन ऋतू मानीत. नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांतील लेखांतही ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत यांचे पंधरवडे मोजून तिथी दिली आहे. आपल्या पौर्णिमा आणि आपला वर्षावास हे कोणा नव्या पुढाऱ्याने काढलेले खूळ नसून या भूमीचे जुने पंचांग आहे, हे तुम्हाला टोकणाऱ्याला शांतपणे सांगा.

आणि त्या दिवशी अशोक काय करीत असे? कलिंगात धौली आणि जौगड येथे कोरलेल्या खास लेखांत त्याची आज्ञा आहे की, हा लेख दर चातुर्मासीला आणि तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा. मधल्या काळातही, ऐकणारा एकच असला तरी वाचावा. सणाच्या दिवशी त्याने वाचन ठेवले! आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा चारच बाया आणि दोन पोरे बसली आहेत म्हणून वाचणाऱ्याने ग्रंथ मिटू नये. अशोकाला एक श्रोता पुरेसा वाटत होता. बैराटच्या लेखात तर त्याने बुद्ध, धम्म आणि संघ यांवर आपली श्रद्धा सांगून सात सूत्रांची नावे दिली आहेत आणि ती भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत, त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा धरली आहे. उपासिका हा शब्द त्याने विसरून चालविले नाही.

त्याची बाकीची कामे तुम्ही शाळेत वाचलीच असतील. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्याला झाडे, विहिरी. विसाव्या वर्षी तो लुंबिनीला गेला आणि बुद्ध येथे जन्मले म्हणून त्या गावाचा कर त्याने कमी केला. त्याच्या कारकिर्दीत पाटलिपुत्राला मोग्गलिपुत्त तिस्सांच्या नेतृत्वाखाली तिसरी संगीती झाली आणि देशोदेशी धम्मदूत गेले, असे महावंस सांगतो. त्यांतील एक थेर महाराष्ट्रात आले होते. हिमालयाकडे गेलेल्या थेरांची नावे सांचीच्या स्तूपातील अस्थिकरंडकांवर मिळाली आहेत, तेव्हा येथे ग्रंथ आणि दगड एकमेकांना साक्ष देतात.

तरीही अशोकाची मूर्ती करून तिला हार घालू नका. त्याने देहदंडाची शिक्षा रद्द केली नाही, फक्त तीन दिवसांची मुदत दिली. रानातल्या लोकांना त्याने प्रेमाने सांगितले, तसा धाकही घातला. कलिंगाच्या पश्चात्तापाचा लेख त्याने कलिंगात मात्र कोरविला नाही. तो माणूस होता. माणूस आपले भले तेवढे पाहतो, आपले पाप पाहत नाही, असे तिसऱ्या स्तंभलेखात त्याने लिहून ठेवले आहे. तो नियम त्यालाही लावावा आणि आपल्यालाही.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे वर्तमानपत्रही वेगळे वाचता येते. 2025 साली बोधगयेच्या महाबोधी विहारासाठी भिक्खूंनी मोठे आंदोलन केले. इतिहास न जाणणाऱ्याला ती एक भांडणाची बातमी वाटली असेल. पण अशोक तेथे यात्रेला गेला होता, अनागारिक धर्मपाल 1891 पासून त्या जागेसाठी झगडले, आणि 1949 च्या कायद्याने तेथील कारभार बौद्ध व हिंदू सभासदांच्या समितीकडे गेला, हे ज्याला माहीत आहे त्याला मागणी कशाची आहे ते कळते. ती मागणी करतानाही अशोकाचा बारावा शिलालेख विसरू नये. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्यात सांगितले आहे. हक्क ठामपणे मागावा, तोंड स्वच्छ ठेवावे. गावात मिरवणुकीवरून कुरबूर झाली किंवा मोबाइलवर कोणी विखारी मजकूर धाडला, तर घरात हा लेख आठवावा.

ख्रिस्तपूर्व 232 च्या सुमारास अशोक मरण पावला. शेवटच्या आजारात त्याचे दान मंत्र्यांनी बंद केले, तेव्हा हातात उरलेला अर्धा आवळा त्याने संघाला पाठविला, अशी एक कथा आहे. तिला दगडाची साक्ष नाही. पण ती ज्यांनी जपली, त्यांना अशोक कशासाठी आठवत होता ते तिच्यावरून कळते. त्याच्यानंतर पन्नासएक वर्षांतच मौर्यांचे राज्य गेले. राज्य गेले, दगड राहिले.

तेव्हा यंदा दसऱ्याला घर मुके ठेवू नका आणि जुन्याची चोरून नक्कलही करू नका. सकाळी घर झाडून, पांढरी वस्त्रे नेसून सर्वांनी त्रिशरण-पंचशील घ्या. मुलाच्या हातात नाणे देऊन त्यावरचे सिंह कोठून आले ते सांगा. नातवाने कलिंगाची हकीकत वाचावी, आजीने आपल्या गावच्या दसऱ्याची खरी हकीकत सांगावी. घरकामाला कोणी येत असेल तर तिला त्या दिवशी सन्मानाने बसवून जेवू घाला. अशोकाने सांगितलेले मंगल हेच. दीक्षाभूमीला किंवा जवळच्या लेण्याला गेलात तर मौजेखातर जाऊ नका, धम्मयात्रेला जा. आणि संध्याकाळी लेकराने पुन्हा विचारले की आपल्याकडे आज काय आहे, तर सांगा, आज एका राजाने तलवार खाली ठेवल्याची आठवण आहे, आणि आपल्या माणसांनी मान वर केल्याची.

जयभीम!